डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ : काचपट्टीवरची रोजकीर्द

चलनी नोटांवर कोणाची चित्रे छापतात, हा आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांचा आवडता विषय. बहुतेक देशांच्या नोटांवर राजे, राण्या, सेनापती नाहीतर राष्ट्रपुरुष दिसतात. ग्रीस देशाने १९९५ साली दहा हजार द्राख्माची नोट काढली, तिच्यावर मात्र एक डॉक्टर होते. २००२ साली ग्रीसमध्ये युरो आला, द्राख्मा व्यवहारातून गेला आणि ती नोटही गेली. परंतु त्या डॉक्टरांच्या आडनावाचा एक तुकडा जगातल्या दवाखान्यांत अजून रोज उच्चारला जातो. पॅप तपासणी, पॅप स्मिअर असे शब्द आपण कधी ना कधी ऐकलेले असतात. त्यातला पॅप म्हणजे पापानिकोलाऊ. डॉ. जॉर्ज निकोलस पापानिकोलाऊ.

लेखाशास्त्र आणि बँकिंग सोडून ही मुलगी वैद्यकाच्या वाटेला कशाला गेली, असे आमच्या सरांना वाटेल. त्याला कारण आहे आणि ते ओघात येईलच. आरंभी एवढेच सांगते की, या माणसाने जन्मभर जे केले त्याला आमच्या भाषेत रोजकीर्द लिहिणे म्हणतात. रोज नोंद, तारीखवार नोंद, आणि मधले एकही पान कोरे सोडायचे नाही.

त्यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील इव्हिया बेटावरच्या कीमी या गावी झाला. वडील निकोलस हे डॉक्टर आणि गावचे नगराध्यक्षही होते. मुलाला लहानपणी संगीताची ओढ होती, व्हायोलिन तो उत्तम वाजवी. पण डॉक्टराच्या मुलाने डॉक्टरच व्हायचे, ही रीत आपल्याकडे आहे तशी तिकडेही असावी. पंधराव्या वर्षी तो अथेन्सच्या विद्यापीठात दाखल झाला आणि १९०४ साली उत्तम गुणांनी वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. काही काळ सैन्यात नोकरी केली, मग गावी येऊन कुष्ठरोग्यांची सेवा केली. गावात चालता दवाखाना होता, वडिलांचे नाव होते, घर होते. मुलाने तेथेच बसावे अशी वडिलांची इच्छा. मुलाला मात्र रोग्याची नाडी पाहण्यापेक्षा सजीवांचे मूळ शोधण्यात गोडी होती. वडिलांचे मन मोडून तो जर्मनीला गेला. तेथे येनाला हेकेल, फ्रायबुर्गला वाइसमान आणि म्युनिचला रिचर्ड हेर्टविग अशा नामांकित प्राध्यापकांपाशी शिकला आणि १९१० मध्ये म्युनिचला डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता पाण्यातल्या डॅफ्निया नावाच्या टीचभर किड्यांमध्ये नर-मादी कसे ठरते हा! वडिलांना हे पाहून काय वाटले असेल, ते आपण आपल्या घरावरून ताडावे.

त्याच वर्षी आंद्रोमाखी माव्रोयेनी या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे अमेरिकेत या बाईंना सगळे मेरी म्हणू लागले, म्हणून मीही त्यांना मेरीबाईच म्हणते. सैनिकी अधिकाऱ्याची ही मुलगी चांगली शिकलेली होती. लग्नानंतर मोनॅकोच्या राजाच्या समुद्रसंशोधन संस्थेत जॉर्जना थोडे दिवस काम मिळाले. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटले, तेव्हा ते पुन्हा सैन्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले. अमेरिकेत स्थायिक झालेले काही ग्रीक तरुण त्या युद्धात लढायला आले होते. त्यांच्या तोंडून त्या देशाची वर्णने ऐकून जॉर्ज आणि मेरीबाई यांनी बाडबिस्तरा बांधला.

ऑक्टोबर १९१३ मध्ये हे जोडपे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले, तेव्हा खिशात जेमतेम २५० डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हते. ग्रीक येई, जर्मन येई, फ्रेंच येई, आणि पोटाला लागणारी भाषा तेवढी येत नाही! सीमाभागात राहणाऱ्यांना ही अवस्था मी वेगळी समजावून सांगायला नको. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला कचेरीत कन्नड अर्ज आणि महाविद्यालयात इंग्रजी पाठ्यपुस्तक एकदमच समोर येते, तेव्हा ज्ञान डोक्यात असते आणि जीभ मात्र अडखळते. वैद्यकाची पदवी आणि म्युनिचची डॉक्टरेट असलेल्या या माणसाने गिंबेल्स नावाच्या मोठ्या दुकानात गालिचे विकले, उपाहारगृहात व्हायोलिन वाजवले, एका ग्रीक वर्तमानपत्रात कारकुनी केली. मेरीबाई त्याच दुकानात बटणे शिवत, आठवड्याला पाच डॉलरवर. हे दिवस फार लांबले नाहीत. प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना त्यांचे डॅफ्नियावरील काम ठाऊक होते. त्यांच्या शिफारशीने १९१४ मध्ये न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या विकृतिशास्त्र विभागात जागा मिळाली आणि लवकरच कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात प्रा. चार्ल्स स्टॉकार्ड यांच्या हाताखाली ते काम करू लागले. तेथे पुढची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे गेली.

आता गिनीपिगांची गोष्ट. तीच त्यांच्या आयुष्याची किल्ली आहे.

स्टॉकार्ड यांच्याकडे प्रयोगासाठी गिनीपिग पाळलेले होते. पापानिकोलाऊंना पिल्लाचे लिंग कसे ठरते ते पाहायचे होते. त्यासाठी मादीचे बीज अगदी ठराविक वेळी, अंडाशयातून सुटण्याच्या सुमारास हाती यायला हवे. ती वेळ कळायची कशी? मादी मारून पोट उघडायचे आणि वेळ चुकली असे दिसले, की दुसरी मारायची. एवढी जनावरे आणि एवढा पैसा कोणत्याच प्रयोगशाळेला परवडला नसता. तेव्हा त्यांनी साधा तर्क केला. स्त्रीला मासिक पाळी येते, इतर मोठ्या प्राण्यांच्या माद्यांमध्येही काही चिन्हे दिसतात. तर गिनीपिगच्या मादीतही आत काहीतरी बदलत असलेच पाहिजे. बाहेर दिसत नाही इतकेच. म्हणून नाक तपासायचे एक छोटे उपकरण विकत आणून त्यांनी मादीच्या योनिमार्गातला थेंबभर स्राव काढला, काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्या थेंबात पेशींचे अख्खे जग होते! दुसऱ्या दिवशी पाहिले तर चित्र निराळे, तिसऱ्या दिवशी आणखी निराळे. सुमारे पंधरासोळा दिवसांनी तेच चित्र फिरून आले. जनावर न मारता, काचेवरच्या पेशी पाहून आत काय चालले आहे ते तारीखवार सांगता येऊ लागले. स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी १९१७ मध्ये हे प्रसिद्ध केले. पुढे स्त्री-संप्रेरकांचा शोध लावणाऱ्यांनी उंदरांवर हीच युक्ती वापरली.

मला या प्रसंगातले एक फार आवडते. ते कर्करोग शोधायला निघाले नव्हते. जनावरांचा खर्च वाचवायला निघाले होते. ही युक्ती काटकसरीतून जन्मली, हे वाणिज्य शाखेच्या मुलीने सांगितलेच पाहिजे.

गिनीपिगांनंतर प्रश्न आला स्त्रीचा. बाईच्या पाळीतही अशाच तारीखवार खुणा मिळतील का? त्या काळी कोणती बाई परक्या देशातल्या परक्या डॉक्टरला रोज असा नमुना देणार होती? ती बाई घरातच होती. मेरीबाईंनी स्वतःला या कामी दिले आणि एक दिवस, एक महिना नव्हे, तर एकवीस वर्षे त्यांचे नमुने त्या काचपट्ट्यांवर उमटत राहिले. शिवाय प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ म्हणून राबत आणि घरही सांभाळत. त्यांना मूलबाळ नव्हते. डॉक्टरांच्या चरित्रात हा भाग कौतुकाने सांगतात: पतीच्या कार्यात तन-मनाने साथ देणारी सहधर्मचारिणी वगैरे. मला कौतुक आहेच. पण कंपनीच्या हिशेबात भांडवल कोणाचे, हे लिहावे लागते. पुस्तकावर लेखक म्हणून नाव डॉक्टरांचे, नोटेवर चित्र डॉक्टरांचे, तपासणीला नाव डॉक्टरांचे. आणि ज्या शरीराच्या आधारावर पहिली नोंद झाली, ते भांडवल कोणत्याही खात्यात जमा दाखवलेले नाही. मेरीबाईंनी त्याबद्दल तक्रार केली नाही, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

१९२५ पासून न्यूयॉर्कच्या स्त्रियांच्या रुग्णालयातूनही नमुने मिळू लागले. काही स्त्रिया निरोगी, काही गरोदर, काही आजारी. एके दिवशी एका काचपट्टीवर भलत्याच पेशी दिसल्या. निरोगी पेशीचे केंद्रक लहान, गोल, नीटनेटके असते. या पेशींची केंद्रके मोठी, काळपट, वेडीवाकडी होती. काही पेशींचा आकार ओढल्यासारखा, शेपूट फुटल्यासारखा. त्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता. आपल्या आयुष्यातील अत्यंत आनंदाच्या क्षणांपैकी हा एक होता, असे पुढे त्यांनी सांगितले आहे. आनंद हा शब्द येथे कानाला कसा तरी वाटतो, परंतु त्याचा अर्थ ध्यानात घ्यावा. जो रोग पोटात दडून बसे आणि बाहेर येई तेव्हा हाताबाहेर गेलेला असे, तो आता काचेवर सापडत होता.

माझ्या लेखाचे कारण येथे आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावी माझी थोरली आत्या राहत असे. पाळी जाऊन चार वर्षे झाली आणि तिला पुन्हा अंगावर जाऊ लागले. बाईमाणसाने असे कोणाला सांगायचे नसते. तिने जावेला सांगितले नाही, मुलाला तर नाहीच. भातलावणी झाली, गणपती झाले, दिवाळी झाली. कंबर धरून बसायची, तेव्हा वय झाले म्हणायची. डॉक्टरकडे नेले तेव्हा रोग गर्भाशयाच्या तोंडापासून भोवताली पसरलेला होता. त्यानंतर ती सात महिने होती. हा रोग एका रात्रीत होत नाही, निरोगी पेशी बिघडण्यापासून खरा कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ जातो, हे मी ती गेल्यावर वाचले. इतकी वर्षे तो काचेवर दिसू शकला असता. वसतिगृहातल्या माझ्या कन्नड मैत्रिणीला हे सांगितले तर तिने तिच्या मावशीचे अगदी हेच सांगितले. लाज दोन्ही भाषांत सारखीच आहे म्हणायची. म्हणून हा लेख मराठी विभागात मी लिहीत आहे आणि कन्नड विभागात तिने लिहावा असे मी तिच्या मागे लागले आहे.

तर पुन्हा डॉक्टरांकडे. १९२८ च्या जानेवारीत मिशिगनमधील बॅटल क्रीक गावी एका परिषदेत त्यांनी कर्करोग-निदानाची ही नवी रीत मांडली. परिषद वंशसुधारणेची होती, आणि त्या चळवळीचे पुढे जगाने काय पाहिले ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. कर्करोगाचे निदान मांडायला ही जागा बरी नव्हती हे खरेच. पण इतर ठिकाणीही स्वागत झाले असते असे नाही. त्या काळच्या जाणत्या विकृतिशास्त्रज्ञांचे म्हणणे साधे होते. गर्भाशयाचे तोंड डॉक्टरला डोळ्यांनी दिसते, तेथला तुकडा काढून तपासता येतो; मग गळून पडलेल्या सुट्या पेशी पाहण्याचा खटाटोप कशाला? आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. तुकडा काढून तपासण्याची रीत आजही अखेरची कसोटी आहे. परंतु तुकडा काढायचा तो ज्या बाईवर संशय आहे तिचा. जिला काहीच होत नाही, जी शेतात कामाला जाते, जिला डॉक्टरकडे यायचे कारणच नाही, तिचे काय? हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणाच्या मनात आला नाही. योगायोग असा की, रुमानियात डॉ. ऑरेल बाबेश यांनीही त्याच सुमारास, १९२७ मध्ये, अशीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली होती. त्यांचे नाव बाहेरच्या जगात फारसे गेले नाही. रुमानियन लोकांना त्याची रुखरुख आहे आणि ती रास्त आहे.

परिषदेहून परतल्यावर पापानिकोलाऊंनी वाद घातला नाही. कर्करोगाचा विषय बाजूला ठेवला आणि पुन्हा आपल्या रोजकीर्दीला लागले. १९३३ मध्ये स्त्रीच्या मासिक चक्रावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. अकरा वर्षे अशीच गेली. वय छप्पन झाले. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तिवेतनाचे कागद गोळा करू लागतो.

१९३९ मध्ये विभागाचे प्रमुख बदलले. डॉ. जोसेफ हिन्सी नवे आले आणि त्यांनी कर्करोगाचे काम पुन्हा हाती घ्यायला प्रोत्साहन दिले. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट ट्राउट जोडीला मिळाले. न्यूयॉर्क हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागात येणाऱ्या प्रत्येक बाईचा नमुना घ्यायचा, मग तक्रार काहीही असो, असे ठरले. येथे पारडे फिरले. तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या नमुन्यांत असे काही कर्करोग सापडले, की त्यांचा संशयही कोणाला नव्हता, डोळ्यांना काही दिसतही नव्हते. १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये पापानिकोलाऊ-ट्राउट यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकातली पेशींची रंगीत चित्रे हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराची. त्या वर्षी अमेरिका आणि जपान यांचे युद्ध चालू होते, हे आठवले म्हणजे एका ग्रीक डॉक्टराने आणि एका जपानी चित्रकाराने न्यूयॉर्कमध्ये बसून केलेले ते काम आणखी मोठे वाटते.

मधल्या काळात पेशी रंगवण्याची स्वतःची पद्धतही त्यांनी बसवली होती. केंद्रक निळे-काळे, भोवतालचा भाग कुठे गुलाबी, कुठे नारिंगी, कुठे हिरवट-निळा. ते रंग शोभेचे नाहीत. पेशी कोवळी आहे की जून, हे रंगावरून ओळखता येते. १९४७ मध्ये कॅनडाचे डॉ. अर्नेस्ट एअर यांनी एक साधी लाकडी पट्टी आणली, तिने गर्भाशयाच्या तोंडावरूनच पेशी खरवडून घेता येऊ लागल्या. एक लाकडी पट्टी, एक काच, थोडा रंग आणि शिकवून तयार केलेले दोन डोळे. कर्करोगाच्या इतिहासात इतकी स्वस्त वस्तू दुसरी शोधावी लागेल. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९४९ मध्ये तपासणी सुरू केली, अमेरिकेत १९५२ मध्ये मेंफिस येथे मोठी पाहणी सुरू झाली. फिनलंडने १९६० च्या दशकात साऱ्या देशासाठी ठराविक अंतराने बोलावणे पाठवण्याची व्यवस्था केली, आणि तेथे या रोगाचे मृत्यू पुढच्या काळात सुमारे ८० टक्क्यांनी उतरले. नवे औषध नाही, नवी शस्त्रक्रिया नाही. वेळेवर पत्र पाठवले, बाई आली, काच पाहिली.

१९५० मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले, १९५४ मध्ये पेशींच्या चित्रांचा मोठा ग्रंथ निघाला. नोबेल मिळाले नाही. ते नोबेल पुढे या रोगाचे मूळ शोधणाऱ्या जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्याकडे २००८ मध्ये गेले. मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे हा कर्करोग होतो हे त्यांनी दाखवले. येथे एक घोटाळा दूर करते: पॅपिलोमामधल्या पॅपचा आणि आमच्या डॉक्टरांच्या पॅपचा काही संबंध नाही. नावे जुळली इतकेच.

१९६१ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, न्यूयॉर्क सोडून ते मायामीला नव्या कर्करोग संस्थेचे प्रमुख म्हणून गेले. काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. मेरीबाई वीस वर्षे मागे राहिल्या. १९८२ मध्ये त्या गेल्या.

चरित्र येथे संपते, पण काचपट्टीची गोष्ट पुढे चालू राहिली आणि तिचा एक अध्याय आपल्या फार जवळ घडला. महाराष्ट्रातील उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. तेथील गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास १९९९ मध्ये सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात होते. चार गट केले. एकाची विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या गटाची खास तपासणी नाही. एकदाच तपासून आठ वर्षे पाहिले. निष्कर्ष २००९ मध्ये आले. विषाणू तपासलेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाचे ३४ मृत्यू, म्हणजे हजारी एक. न तपासलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४, म्हणजे हजारी दोन. आणि पॅप तपासणीच्या ३२,०५८ स्त्रियांत ५४. फरक आहे, पण तो ठामपणे सांगण्याइतका नाही.

आमच्या नायकाची येथे हार झाली, असे कोणी म्हणेल. मी आकडे लपवणार नाही. पॅप तपासणीचे बळ फेऱ्यांमध्ये आहे. एका फेरीत चुकलेली पेशी तीन वर्षांनी सापडते, सहा वर्षांनी सापडते. फिनलंडमध्ये बाईला फिरून फिरून बोलावतात. आपल्या गावात तिला आयुष्यात एकदा बोलावले तरी मोठी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा पुऱ्या नाहीत! अशा ठिकाणी एका फेरीत जास्त पकडणारी तपासणी सरस ठरणारच. मला त्या चौथ्या गटाचेच राहून राहून वाटते. तुलनेसाठी असा गट लागतो हे मी संख्याशास्त्रात शिकले आहे, आणि त्यावर जाणकारांत पुष्कळ वादही झाला. तरी ते ६४ आकडे नव्हते, कोणाच्या तरी आत्या होत्या.

विषाणूची तपासणी आली, तसा नवा प्रश्न आला. विषाणू पुष्कळ स्त्रियांना लागतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. मग ज्यांच्यात सापडला त्यांपैकी खरा धोका कोणाला? सगळ्यांना दवाखान्याच्या फेऱ्या घालायला लावायचे का? येथे पेशीच्या आकाराच्याही आत, डीएनएपर्यंत जावे लागते.

आमच्या भाषेत सांगते. प्रत्येक पेशीत एक खतावणी आहे. तिच्यात हजारो खाती म्हणजे जनुके. सगळ्या पेशींत वही तीच, पण कोणते खाते चालू आणि कोणते बंद, हे निरनिराळे. बंद खात्यावर मारायचा एक शिक्का असतो, त्याला मिथाइल गट म्हणतात: एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. वहीतले अक्षर खोडत नाही, फक्त शिक्का बसतो आणि त्या खात्याचा व्यवहार थांबतो. पेशीची वाढ आवरणारी काही खाती असतात. कर्करोगात नेमका त्यांवर शिक्का बसलेला आढळतो. कर्करोगाच्या पेशींतले हे शिक्के निरोगी पेशींहून वेगळे असतात, हे अमेरिकेत फाइनबर्ग आणि फोगेलश्टाइन यांनी १९८३ मध्ये दाखवले. त्यांना दिसले ते उलट टोक होते, म्हणजे जेथे शिक्के असायला हवेत तेथे कमी झालेले. नको तेथे जास्त शिक्के बसतात हे त्यानंतर उलगडत गेले.

गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींत एफएएम१९ए४ आणि एमआयआर१२४-२ अशा क्लिष्ट नावांच्या जनुकांवरचे शिक्के, बिघाड जितका जुना आणि गंभीर तितके वाढलेले असतात. म्हणून विषाणू सापडलेल्या बाईच्या त्याच नमुन्यात शिक्के मोजले, तर कोणाला ताबडतोब पाहायचे आणि कोणाला थांबता येईल, याचा अंदाज येतो. बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही ही मोजणी करता येते. दुसऱ्या कर्करोगांतही हाच मार्ग धरलेला आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी असे शिक्के शौचाच्या नमुन्यात शोधणारी तपासणी अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाली, रक्तातून शोधणारी २०१६ मध्ये. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा नावाच्या गाठीत एमजीएमटी या जनुकावर शिक्का असेल तर टेमोझोलोमाइड औषधाचा उपयोग अधिक होतो आणि रोगी तुलनेने जास्त जगतो, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. तेथे शिक्का रोग शोधायला नव्हे, तर रोग्याचे पुढे काय होईल ते सांगायला उपयोगी पडतो.

या तपासण्यांना यंत्रे लागतात, रसायने लागतात, आणि त्या लाकडी पट्टीच्या भावात मिळत नाहीत. पुण्याच्या सीरम संस्थेने विषाणूवरची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आणली, ती आमच्या धाकट्या बहिणींच्या कामाची. आमच्या आया आणि मावश्यांना लस नव्हे, तपासणीच हवी. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळपास ऐंशी हजार दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. तीस वर्षांपुढच्या स्त्रियांची ॲसेटिक ॲसिड लावून करायची साधी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आणि ती पाळी नसलेल्या कोणत्याही दिवशी काही मिनिटांत होते. गेल्या मे महिन्यात आई, काकू आणि शेजारच्या दोघी अशा चौघी मिळून जाऊन आल्या. काकू जायला तयार नव्हती. मेरीबाईंची एकवीस वर्षे सांगितल्यावर म्हणाली की, मग मला एक दिवस द्यायला काय हरकत आहे.